पस्तीस कार्डांचा डबा

साकीनाका,
९ मार्च १९८८

ती. वनमालाताईस, धाकट्या सुगंधाचा शि. सा. न.

ताई, अनूला सोमवारपासून ताप आहे. घसा धरलाय, पाणीपण गिळत नाही. डॉक्टर म्हणाले शनिवारपर्यंत बघू. पण मला दुसरीच धास्ती आहे. ह्यांना सांगितलं नाही, हसतील.

रविवारी अंधेरीला चर्चच्या हॉलात कार्डंवाल्यांचा बाजार भरला होता. बबलगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची निघतात ना, ती. अनूचा हट्ट, म्हणून गेलो. तिथे मोठमोठे बाप्ये एकेका कार्डासाठी भांडत होते. कोपरा दुमडलेला असला की भाव खाली, एवढं मी पाच मिनिटांत शिकले. मग वर्सोव्याची एक बाई दिसली, ऑलिव्ह नावाची. पत्र्याच्या डब्यात पस्तीस कार्डं, सगळी कोरी करकरीत. छत्तीसचा सेट, एकच कमी. मी भीतभीत पाच रुपये म्हटलं, ती लगेच हो म्हणाली. वर म्हणाली, पोरीला खेळू दे, नुसती जपून ठेवू नको. मी काय खूश झाले.

काल डब्याच्या तळाचा कागद काढला, तर दवाखान्याचा केसपेपर. ग्रेगरी, वय नऊ. पुढचं इंग्रजी मला लागत नाही. ताई, ते पोर कुठे आहे? आई एवढ्या स्वस्तात का देईल? त्याचा आजार कार्डांना चिकटून आला असेल तर? अनू तो डबा उशाशी घेऊन झोपते.

माया आहे तशी राहू दे.
सुगंधा


मानखुर्द,
१० मार्च १९८८

चि. सौ. सुगंधास, ताईचे अ. आ.

येडी आहेस. पोरांचे घसे धरतातच. तुझा धरायचा तेव्हा आम्हाला दोन दिवस शांतता मिळायची. तरी डबा उशातून काढ. आणि जाळायचं-फेकायचं मनात आणू नको, मी तुला ओळखते. सरळ वर्सोव्याला जा आणि त्या बाईला विचार. घरात बसून नुसती भीती वाढवशील.

पाच रुपयांत पस्तीस म्हणजे कमाल आहे तुझी. भाजीवाली तुला बघून टोपली झाकते ते उगाच नाही.

अनूचं लगेच कळव. लोभ आहे, घोरही आहे.
ताई


साकीनाका,
१२ मार्च १९८८

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच मी कार्डं जाळायला स्टोव्ह पेटवला होता. हात धजला नाही.

काल वर्सोव्याला गेले. ऑलिव्हबाई बोंबील वाळत घालत होती. मी केसपेपर पुढे केला आणि विचारलं, पोराला काय आजार होता. ती म्हणाली, आजार कसला, हा त्याचा हात मोडला तेव्हाचा. पोर दिवाळीनंतर बापाच्या होडीवरून खाडीत गेलं. बाप रोज डबा उघडून बसायचा, म्हणून विकला.

ताई, कुणाला सांगू नको. तिने खाडी म्हटलं आणि मला बरं वाटलं. माझा अडकलेला श्वास सुटला तो तिला ऐकू गेला. ती रागावली नाही. तुझी पोर तापाने आहे का, एवढंच विचारलं, आणि घरात नेऊन चहा दिला. केसपेपर तेवढा ठेवून घेतला, त्यावर त्याचं नाव आहे म्हणून.

डॉक्टर म्हणाले टॉन्सिल. आज ताप उतरला, पेज प्याली. उठल्याबरोबर विचारते, छत्तिसावं कार्ड कुठे मिळेल.

ते मी बघितलंय. ऑलिव्हबाईच्या घरी क्रुसाखाली उभं केलंय. अनूला म्हटलं, ते कुणाकडेच नाही.

तुझ्या पोरांना माझ्या वाटचं जवळ घे.
सुगंधा