रंगाविना अडलेलं इंजिन

बराकपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. विजयावन्सं,

लीनाचा नमस्कार. वाकूनच केला आहे असं समजा. माझे गुडघे सध्या ज्या नमस्काराला परवानगी देतात तो उभ्यानंच होतो. तुमची कंबर कशी आहे? नाशकात गारवा पडायला लागला असेल, तर मी पाठवलेलं तेल लावत जा, आणि स्वभावाप्रमाणे निम्मी बाटली शेजारणीला देऊन टाकू नका. इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक, तुमचा भाचा सुश्रुत त्याच्या न्यू टाउनच्या ऑफिसात ठीक (महिन्यातून एकदा तोंड दाखवतो आणि मराठीत 'मला खूप भूक लागला' म्हणतो), आणि तुमचे बंधू विचारलं तर ठीक, न विचारलं तर अजिबात ठीक नाहीत. गेल्या भाऊबीजेपासून तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीच आपणहून सांगायला बसले आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. आमच्या घरात धड चालणारा फोन एकच, आणि तो हे उशाशी, ताटाशी आणि हत्यारांच्या पेटीशी घेऊन बसतात. तो वाजला की आधी नाव बघतात, मग चष्मा पुसून पुन्हा बघतात, आणि मग 'तुझाच आहे' म्हणून माझ्याकडे देतात. अशा फोनवरून मी तुमच्याशी काय बोलणार? पत्र टाकायलाही द्यावं लागेल त्यांच्याच हाती (पुन्हा गुडघे), पण दुसऱ्याचं पत्र वाचणार नाहीत एवढा सभ्यपणा माझ्या सासूबाईंनी त्यांना नक्की शिकवला असणार.

इंजिनाचं मुळापासून सांगते. ह्यांच्या सत्तरीला सुश्रुतनं ती जोडायच्या इंजिनाची पेटी दिली हे तुम्हाला माहीत आहेच. पेटीवर इंग्लंडातल्या कुठल्याशा डोंगरी इंजिनाचं चित्र होतं, आत पितळेचे पत्रे, चाकं, नळ्या आणि जिरं-मोहरीएवढे स्क्रू. खरं पाणी, खरी वाफ, खालून स्पिरिटचा दिवा. हे म्हणाले, चित्रातलं इंजिन गेलं खड्ड्यात, मी आमच्या शाळेच्या गाडीचं इंजिन करणार. तुम्ही आठवीत आणि हे चौथीत असताना ज्या छोट्या गाडीनं तुम्ही दोघं तालुक्याला जायचात, ते. मग चिमणी उंच केली, पुढचा दिवा बदलला, छपराला बाक दिला. बँकेत तीस वर्षं दुसऱ्याच्या कागदांवर सह्या केलेला माणूस डोळ्याला भिंग लावून पत्रा कानशीनं घासायला लागला आणि माझ्या घराचा कारखाना झाला. एक स्क्रू उपम्यात निघाला. एक माझ्या अंबाड्यात निघाला, तो कसा गेला ते मी विचारलं नाही. हरवलेल्यांच्या बदल्यात एस्प्लनेडच्या फुटपाथवर चष्मे दुरुस्त करणाऱ्याकडून स्क्रू आणायला हे लोकलनं सियालदा, तिथून बस, असे जायचे आणि संध्याकाळी एवढीशी पुडी घेऊन असे यायचे की जणू सोनं आणलंय. खरं सांगते वन्सं, निवृत्तीनंतर त्यांना इतकं सुखी मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग ती भाऊबीज. तुम्हाला आठवते आहेच, पण एकदा माझ्या बाजूनं ऐका, कारण फोन मी धरला होता. तुम्ही तिकडे तबक घेऊन, हे इकडे पाटावर टोपी घालून फोनसमोर मान वाकवून. तुम्ही पडद्याला ओवाळायचं आणि कुंकू तुमच्या वतीनं मी लावायचं, ही आपली पद्धत. (पाडव्याला बायको म्हणून ओवाळायचं आणि लगेच दुसऱ्या दिवशी नणंदेची मुखत्यार म्हणून टिळा लावायचा, असा दुहेरी हुद्दा मराठी मुलखात आणखी कुणाकडे नसेल.) पण ओवाळण्याआधी ह्यांना इंजिन दाखवायची हौस. तुम्ही कौतुकानं म्हणालात, सुरेख झालंय विनू, आता हिरवा रंग दे. हे म्हणाले, हिरवा कशाला, काळं होतं. तुम्ही म्हणालात, तुझ्या डोळ्यांत कायम कोळसा गेलेला असायचा. हे म्हणाले, तुझं लक्ष खाऊच्या डब्यातून वर कधी यायचं? तिथून ते मागे मागे जात, गाडी कुणामुळे चुकायची आणि कुणासाठी ड्रायव्हर थांबायचा, इथपर्यंत पोचलं. मग नेट गेलं की तुम्ही फोन ठेवलात ते मला अजून कळलेलं नाही. पडदा काळा झाला. (हिरवा झाला नाही, हे ह्यांनी लगेच दाखवून दिलं.)

कुंकवाची कोयरी माझ्या हातात तशीच राहिली. मी म्हटलं, लावते. नको म्हणाले, ताईनं ओवाळलं नाही तर टिळा कशाचा? आणि त्या संध्याकाळी तसेच कोऱ्या कपाळानं बसून राहिले. शेजारच्या सान्यालबाबूंकडे त्यांची बहीण चंदननगरहून 'फोंटा', म्हणजे इथला भाऊबीजेचा टिळा, द्यायला आली होती, तिचा शंख आमच्या दिवाणखान्यात ऐकू येत होता. मी उठून खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून इंजिन बिनरंगाचं आहे. कपाटात काळ्या रंगाचा डबा आहे. त्याच्या मागे, मी कधी बघणार नाही अशा समजुतीनं ठेवलेला हिरव्याचाही आहे. दोन्ही सीलबंद. मी विचारलं की हवा दमट आहे म्हणतात. गंगेकाठच्या गावात कोरड्या हवेची वाट बघायची म्हणजे झालंच. सान्यालबाबूंना एकदा पंच नेमलं, कारण ते लहानपणी वाफेच्या गाडीनं खूप हिंडलेले. त्यांनी इंजिन सगळीकडून पाहिलं, चहा प्यायले, आणि निकाल दिला, "दिदी जा बोलेन, शेटाइ ठीक." दीदी म्हणेल तेच बरोबर. ह्यांचा असा तिळपापड झाला की दोन दिवस सान्यालबाबूंकडचा पेपर आणला नाही.

आता माझा पराक्रम. भाद्रपदात इथे विश्वकर्मापूजा असते. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी आमचं इंजिन मागून नेलं, मूर्तीपाशी मांडलं आणि शेंदूर लावून मानानं परत पोचवलं. मला ते लागलं. बंगाल्यांनी पूजा करायची आणि आपल्या घरी खंडेनवमीला इंजिन कपाटात? म्हणून नवमीला हे आंघोळीला गेले असताना पाटावर कानशी, पकडी आणि मधोमध इंजिन मांडलं. हळदकुंकू वाहिलं, चिमणीत झेंडूचं फूल खोचलं आणि कुंकवानं माखलेल्या अक्षता सढळ हातानं टाकल्या. वर एक छोटं भोक उघडं होतं. मला वाटलं हवेचं असेल. ते पाणी भरायचं होतं. झाकण ह्यांनी पुसायला काढून ठेवलेलं, ते नंतर त्यांनी मुकाट्यानं लावलं. फूल तेवढं काढलं, अक्षता आत गेल्याचा कुणालाच पत्ता नाही.

दसऱ्याला ह्यांच्या मनात आलं, रंग नाही तर नाही, सीमोल्लंघन तरी होऊ दे. गच्चीवर रूळ गोल मांडले, पाणी भरलं, दिवा पेटवला. तेवढ्यात सान्यालबाबू विजयादशमीची संदेश-मिठाई घेऊन आले, नवाकोरा पांढरा झब्बा (इथला 'पंजाबी') घालून. आम्ही तिघं वाकून बघतोय. इंजिन गुरगुरायला लागलं, चाकं थरथरली, आणि वास आला. कोळशाचा नाही, तेलाचा नाही. भाताचा. चांगला मऊ, गुरगुट्या भाताचा, वन्सं! ह्यांनी नाक वर करून खालच्या मजल्याकडे पाहिलं. मला एकदम सगळं समजलं, पण सांगायला तोंड उघडेपर्यंत ह्यांनी शिटी ओढली. शिटीतून आधी काहीच आलं नाही, आणि मग जे आलं ते गुलाबी पेजेचं होतं आणि थेट सान्यालबाबूंच्या छातीवर गेलं. बिचारे सभ्य गृहस्थ. छातीकडे बघून एवढंच म्हणाले की बौदी (म्हणजे वहिनी), रंगाचा प्रश्न तर सुटला.

आणि तुमचा भाऊ हसला. गच्चीच्या कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्षभरात तो आवाज मी ऐकला नव्हता. हसता हसताच खिशातून फोन काढला, "ताईला सांगायला हवं," म्हणाले, आणि तुमच्या नावावर बोट नेलं. मग बोट तिथेच थांबलं. हसू ओसरलं. फोन खिशात गेला आणि हे खाली बसून चिमट्यानं एकेक शीत काढायला लागले.

मी त्यांच्याशी संसार केला आहे, वन्सं, पण ते चौथीत असताना मी नव्हते. त्या गाडीतली माणसं आता दोनच उरली आहेत आणि ती दोन्ही रुसून बसली आहेत. मला ह्याचं फार वाईट वाटतं. एवढंच लिहायचं होतं. बाकी सर्व क्षेम. इंजिन धुतलं आहे, मात्र पाणी तापलं की अजून किंचित वरणाची आठवण होते.

तुमची,
लीना

ता. क. एवढंच लिहायचं होतं, हे खरं नाही. भाऊबीजेला फोन करा आणि एकदाच, फक्त एकदाच, 'विनू, काळं होतं रे' म्हणा. थोरल्यांना खोटं बोलायला सांगते आहे, ह्याचं पाप माझ्या माथी. तुम्हाला जमणार नसेल तर नुसतं ओवाळा, रंगाचं मी बघते.

दुसरा ता. क. त्यांनाही मी हेच सांगून पाहिलं आहे, की 'हिरवं होतं' म्हणा. ऐकलं नाही. भावंडं शोभता.

तिसरा ता. क. (अक्षर माझं आहे, ताई.) पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. आईनं शिकवलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. इंजिन काळंच होतं. ह्यात मरेपर्यंत बदल होणार नाही. पण तू रोज ज्या गाडीत बसलीस ती हिरवी असेल, तर काळ्या गाडीत एकटा बसून मी जाऊ कुठं? काल हिरव्याचा डबा फोडला. पहिला हात दिला आहे. दुसरा तू आल्याशिवाय देणार नाही. फोनवर नको. ये. आणि ओवाळताना लीनाला अक्षतांपासून लांब ठेव. — विनू

शेवटचा ता. क. आज सकाळी पाकीट परत आणून दिलं, म्हणे डिंक लावायचा राहिलाय. बोटं हिरवी होती. वन्सं, डिंक लावायला मी विसरले नव्हते. — ली.