रद्द कागदांचं कपाट

९ सप्टेंबर, सोमवार

पिल्लैसाहेबांनी आज आमची अब्रू काढली. ट्रॅक्टर कंपनीचे ऑडिटर. एकाच शाफ्टचं ड्रॉइंग मागितलं आणि आमच्या कारखान्यात चार निघाली! चारही वेगळी! एक लेथ मशीनवर तेलात भिजलेलं, एक मोजमापाच्या टेबलावर, एक शेठच्या काचेखाली. चौथ्यावर कोणीतरी गाठिये ठेवून खाल्ले होते.

"यातलं खरं कोणतं?" साहेबांनी विचारलं.

वल्लभभाई शेठ म्हणाले, "साहेब, खरं आमच्या माणसांच्या डोक्यात असतं." आणि हसले. एकटेच हसले.

डिसेंबरपर्यंत कागदांना शिस्त लावा, नाहीतर शाफ्ट दुसऱ्याकडून घेऊ — असं सांगून साहेब गेले. शेठ नेहमीप्रमाणे दुपारचे झोपायला घरी गेले. उठल्यावर तिथून फोन: "चारुबेन, हे तुम्ही बघा." इतकी वर्षं क्वालिटीत घासतेय, बढतीच्या वेळी माझं नाव कुणाला आठवत नाही. लोढणं गळ्यात बांधायचं असलं की बरोबर आठवतं.

१४ सप्टेंबर, शनिवार

व्यवस्था साधी ठेवली आहे. प्रत्येक ड्रॉइंगला नंबर आणि आवृत्ती. चालू कागदावर निळा शिक्का. नवा कागद देताना ज्याला देणार त्याची सही घ्यायची आणि जुना त्याच्याकडून परत आणायचा. जुन्यावर लाल शिक्का — रद्द. मात्र फाडायचा नाही! एक प्रत कपाटात, कुलपात. ऑडिटरने मागितली की दाखवायची.

शेठ म्हणाले, "मेलेले कागद कशाला सांभाळायचे?"

म्हटलं, "शेठ, काय बदललं आणि कोणी बदललं, ते त्यांच्यावरूनच कळतं. उद्या कोणी विचारलं तर तोंडी उत्तर चालत नाही. कागद बोलला पाहिजे."

"कागद बोलला पाहिजे!" त्यांना वाक्य आवडलं. दिवसभर ज्याला त्याला ऐकवत होते.

२३ सप्टेंबर

सह्या गोळा करणं म्हणजे वर्गणी मागण्यासारखं आहे. मी येताना दिसले की माणसं मशीनमागे लपतात. सगळ्यात जुने जेरामभाई मात्र लेथ थांबवून, हात पुसून नीट सही करतात आणि वर टोमणा मारतात — "बेन, लग्नातसुद्धा इतक्या ठिकाणी हो म्हटलं नव्हतं!" माझं नाव त्यांनी शिक्काबेन पाडलंय. पाडू देत.

शाफ्टचं नवं ड्रॉइंग त्यांना समजावलं. शाफ्टची जाडी जिथे बदलते त्या कोपऱ्यातली गोलाई आता तीन मिलिमीटर. जुनी एकची. कोपरा तीक्ष्ण राहिला की तिथेच तडा जातो. "समजलं, बेन. तीन." सही केली.

३० सप्टेंबर

शेवटचा जुना कागद राहिला होता. मला वाटलं, सोपा असेल. मूर्ख मी!

जेरामभाईंच्या लेथवर फ्रेममध्ये एक ड्रॉइंग टांगलंय. देवशीबापांच्या हातचं — म्हणजे शेठचे वडील, ज्यांनी हा कारखाना उभा केला. हाच शाफ्ट, कारखान्यात झालेला पहिला, गोलाई एक मिलिमीटर; देवाचं म्हणून त्या चारांत कोणी मोजलंच नव्हतं. हार, कुंकू, अगरबत्तीची काजळी. मी शिक्का घेऊन स्टुलावर चढले आणि जेरामभाईंनी स्टूलच धरलं.

"बेन, बापांवर रद्द मारणार?"

पाच मिनिटांत शेठ खाली. अर्ध्या तासात घरून त्यांच्या बा गाडीतून हजर! देवशीबापांच्या पत्नी, काठी टेकत आल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "माणूस गेला तेव्हाही त्यांना कोणी रद्द म्हटलं नव्हतं."

मीच खुनी ठरले. शेठनी मिटवलं — "ते पूजेचं आहे. पूजेच्या कागदावरून कोण काम करतं?" फ्रेम राहिली. मला राग आला तो माझाच, कारण मी शिक्का न मारताच उतरले.

३१ ऑक्टोबर, दिवाळी

चोपडापूजन. यंदा हिशेबाच्या चोपड्यांशेजारी माझी सह्यांची फाइलपण मांडली. भटजींनी तिच्यावर कुंकवाचा साथियो, म्हणजे स्वस्तिक, काढला. बरं वाटलं, खोटं का बोलू?

६ नोव्हेंबर, लाभपाचम

साल मुबारक! आणि सत्यानाश!

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज कारखाना उघडतो; मुहूर्ताचा पहिला शाफ्ट दरवर्षी बापांच्या ड्रॉइंगवरून होतो. बा समोर खुर्चीवर बसतात, जेरामभाई टूलला लाल दोरा बांधून लेथ सुरू करतात. हे मला माहीत होतं. एक नग, देवापुढे ठेवायचा, ठीक आहे. पण मुहूर्ताचं टूल संध्याकाळच्या आरतीपर्यंत उतरवायचं नाही — हीही रीत! एरवी दुपारी गोड खाऊन सगळे घरी जातात. यंदा ट्रॅक्टर कंपनीची घाई, म्हणून शेठनी लेथ दिवसभर चालू ठेवायला सांगितलं. त्याच टूलने. टूलच्या टोकाची गोलाई तीच कोपऱ्याची. एक मिलिमीटर.

मी बघितलं तेव्हा क्रेट भरत आले होते. जेरामभाई खाली मान घालून म्हणाले, "मी विचारलं होतं, बेन. शेठ म्हणाले, बा बसल्यात, टूलला हात लावू नका."

क्रेटवर लाल चिठ्ठ्या लावल्या — थांबवा. वर गेले.

"शेठ, हा माल पाठवू नका."

"सणासुदीला अपशकुनी बोलू नका, बेन. एका दिवसाचा माल आहे. तिकडे कोपऱ्याची गोलाई मोजायला कोण बसलंय?"

संध्याकाळी ट्रक गेला. माझ्या चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात होत्या.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तुटले. तिकडे चाचणीतच. एकामागून एक, सगळे त्याच कोपऱ्यात. पिल्लैसाहेबांचा निरोप — कारण लेखी द्या, मी स्वतः येतोय.

शेठनी बोलावलं. समोर माझी फाइल उघडलेली, कुंकवासकट. जेरामभाईंच्या सहीवर बोट. "नवं ड्रॉइंग मिळालं म्हणून सही आहे. तरी जुन्यावरून काम केलं. स्पष्ट आहे."

"शेठ, तुम्हीच सांगितलंत ना त्यांना—"

"ते तोंडी झालं." थंडपणे. "कागद काय बोलतो तेवढं लिहा. तुमचंच वाक्य आहे, बेन."

चुका होऊ नयेत म्हणून रक्त आटवून ही व्यवस्था उभी केली. तिने पहिलं काम काय केलं? कारखान्यातल्या सगळ्यात सरळ माणसाला पकडून दिलं.

२७ नोव्हेंबर

खरं लिहिलं. मुहूर्ताची रीत, बापांचं ड्रॉइंग, शेठचा हुकूम, माझ्या चिठ्ठ्या. नंबर टाकला, आवृत्ती शून्य, सही केली, शेठच्या टेबलावर ठेवलं. अक्षर चांगलं आलं.

२८ नोव्हेंबर

वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेठ म्हणाले, "आपण नियमानेच जाऊ," आणि माझा लाल शिक्का मागून माझ्याच अहवालावर मारला. रद्द. सुधारित आवृत्ती एक त्यांनी आधीच टाइप करून घेतली होती. कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला मशीनवरून हटवलं. खाली शेठची सही. शेजारी जेरामभाईंची — कबूल म्हणून.

खाली धावत गेले. जेरामभाई झाडू घेऊन लेथखालचा लोखंडाचा कीस गोळा करत होते. त्यांच्याच लेथखालचा! लेथवर दुसराच कोणीतरी.

"सही का केलीत?"

"मग काय बापांच्या कागदाने माल मोडला असं लिहून द्यायचं? परक्या कंपनीला? बा जिवंत आहेत, बेन. त्यापेक्षा माझं नाव बरं."

"आणि लेथ?"

त्यांनी हात पुसले, सवयीने, जसे सहीच्या आधी पुसायचे. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. या लोकांना लुटावं लागतच नाही, स्वतःहून खिसे उलटे करून दाखवतात. वर बापा हार घालून बघतायत.

२ डिसेंबर

आवृत्ती शून्य कपाटात लावली. रद्द कागद फाडायचा नाही. शेठच्या लक्षात नाही. दुपारी झोपतात ना.

११ डिसेंबर

लक्षात आलं! आज किल्ली मागितली. म्हटलं, किल्ली द्यायची तर आधी कागदोपत्री नोंद, तुमची सही, कारण. नियम आहे. शेठ म्हणाले, "बेन, क्वालिटीचं प्रमुखपद जानेवारीत भरायचंय. तुमचं नाव आहे डोक्यात."

आत्ता आलं डोक्यात! हवं होतं मला ते पद, खोटं कशाला बोलू? अजूनही हवंय. पण सही करून किल्ली घ्यायची हिंमत त्यांना झाली नाही, आणि तसेच गेले.

१४ डिसेंबर

जेरामभाई जेवणाच्या सुट्टीत आले. थेपले पुढे केले. म्हणाले, "शिक्काबेन, ते कपाट राहू द्या बंद. माझ्यासाठी." मी थेपला खाल्ला. हो म्हटलं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

पिल्लैसाहेब आले. चहा नको म्हणाले. बसण्याआधीच — "नवे कागद मागाहून. रद्द झालेले आधी दाखवा."

शेठ माझ्याकडे बघत होते. दारात जेरामभाई झाडू धरून उभे, मानेनेच नको नको म्हणत होते.

मी दोघांकडेही पाहिलं नाही. किल्ली फिरवली.