शिट्टीची पाटी

१ एप्रिल १९४४, शनिवार

ही वही लिडियाताईने नाताळात दिली आणि रोज दोन ओळी तरी लिहीन असं कबूल करून घेतलं. आज एप्रिल उजाडला, अन् वहीत आत्तापर्यंत फक्त एक चिरडलेला डास आहे. आज लिहू, उद्या लिहू करत राहून गेलं. माझं सगळं राहूनच जातं. शाळा सहावीत राहिली. जिनिंगमधलं काम दिवाळीत राहिलं. लष्कराच्या बेकरीत तर पाव भट्टीत ठेवून टांगेवाल्याशी गप्पा मारायला बाहेर आलो तो परत गेलोच नाही. ताई म्हणाली, शांतवन, हे एक काम शेवटाला ने, मग मी तुला कधी बोलणार नाही.

काम मजेचं आहे. नेवाशाच्या अंगाला आगगाडीचा एक छोटा फाटा होता. दोन वर्षांमागे लढाईसाठी त्याचे रूळ उपटून नेले. मागे राहिल्या उरल्यासुरल्या पाट्या, मैलाचे दगड, सिग्नलचे खांब. ते मी उपटायचे आणि गहिनीनाथने त्याच्या बैलगाडीतून कोल्हारला ठेकेदाराच्या वखारीत पोचते करायचे. राहायला मला अख्खं स्टेशन! छप्पर अर्धंच आहे, पण तिकिटाची खिडकी शाबूत. आल्या आल्या आत उभं राहून मी स्वतःला मुंबईचं तिकीट दिलं.

स्टेशनपासून भराव निघतो तो पाव मैलावर काळ्या दगडाच्या खिंडीत शिरतो. खिंडीपलीकडे जुनं फाटक. तिथल्या खोपीत बनुबाई राहते. तिचा नवरा मच्छिंद्र रेल्वेत होता, तो वारला. माझ्या भाकरी तीच करणार. मला बघून म्हणाली, लई वाळलास रं लेकरा, तुज्याच्यानं खांब उपटत्यात व्हय?

३ एप्रिल, सोमवार

मैलाचे तीन दगड काढले. चौथ्याखाली विंचवाचं बिऱ्हाड निघालं, ते बघण्यात तास गेला.

दुपारी एक नवल झालं. एक वाजून दहा मिनिटांनी खिंडीकडून शिट्टी ऐकू आली. आगगाडीची, लांबलचक. भरावावरून दोन बाया सरपण घेऊन चालल्या होत्या, त्या मुकाट उतरून बाजूला उभ्या राहिल्या. गहिनीनाथने बैल ओढून खाली घेतले. बनुबाईची शेळीसुद्धा टुणकन उतरली. मग खिंडीत चारसहा माणसांनी हुंकार देत काहीतरी जड उचलून बाजूला टाकावं तसा आवाज झाला. मागून गरम वाऱ्याचा झोत गेला, त्याला दगडी कोळशाचा वास. झोत गेल्यावर सगळे परत वर चढले, जसं काही झालंच नाही.

हे काय म्हणून गहिनीनाथला विचारलं. तो म्हणाला, पावनं, तुमी खांब मोजा.

५ एप्रिल, बुधवार

रोज तसंच. घड्याळ लावून बघितलं, एक-दहा म्हणजे एक-दहा.

मला हे लोक सरळ वाटत नाहीत. ते जड उचलणं कसलं? माझा कयास असा, की रूळ उपटले तेव्हा यांनी थोडे खिंडीत पुरून ठेवले. लोक आत येऊ नयेत म्हणून बनुबाई कुठून तरी शिट्टी वाजवते. आज सकाळी खिंडीत चार ठिकाणी उकरलं. हाती आलं एक छोटं लोखंडी चाक, वाकलेलं. रूळ तपासायची ती ट्रॉली असते ना, चार माणसं ढकलत नेतात, तिचं. चाक बघून बनुबाईने ते पदरात घेतलं आणि त्यावरची माती पुसली.

मग म्हणाली, सगळं ने, पण एक पाटी ठेव. खिंडीच्या तोंडाशी आहे ती. पांढऱ्या पत्र्यावर काळी इंग्रजी डब्ल्यू. ती दिसली की ड्रायव्हरने शिट्टी फुंकायची असते. ती तिने दरसाल चुन्याने रंगवली आहे. रूळच नाहीत तिथे कोण शिट्टी फुंकतं? माझा संशय पक्का झाला.

७ एप्रिल, शुक्रवार

आज येशूच्या मरणाचा दिवस, देवळात असायला हवं होतं. मी पाटी उपटत होतो.

बनुबाई भावाकडे गेली आहे, दोन दिवस नाही. म्हटलं हीच वेळ. खांब खाली कमरेइतका खोल पुरलेला, सकाळपासून अकरा वाजेतो झगडलो. गहिनीनाथ बिडी ओढत बघत होता. हात लावायचं नाव नाही. म्हणाला, तुमी उपटली, तुमीच चढवा. चढवली. तो गाडी हाकत निघाला, आज रात्री वाटेत मुक्काम, उद्या वखारीत.

एक-दहा झाले. शिट्टी नाही! बाई गावात नाही आणि शिट्टीही नाही. सापडली की नाही चोरी?

८ एप्रिल, शनिवार

आजही शिट्टी नाही.

पण ते उचलून बाजूला टाकणंही नाही. त्याऐवजी एकच आवाज झाला. मोठा. लाकूड, लोखंड आणि आणखी काही, एकदम. नंतर झोत आला, तोच कोळशाचा वास.

बनुबाई इथे नाही, मग हे कोण करतं?

९ एप्रिल, रविवार

ईस्टर. ताईला पत्र लिहायचं होतं.

खिंडीत शेळी मेलेली आहे. मधोमध कापलेली, सुरीने कापावी तशी. दगड हात ठेववत नाही इतके तापलेले. ती रोज शिट्टी ऐकून आपली आपण उतरायची.

बनुबाई आली. शेळीकडे बघितलं आणि आधी पाटीच्या खड्ड्याशी गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. बसली, आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांमागे गाड्या चालू असतानाच पाट्या काढायला माणसं आली, रूळ उपटायच्या आठवडाभर आधी. घाई होती म्हणे. ड्रायव्हर नवा होता. पाटी नाही, म्हणून त्याने शिट्टी फुंकली नाही. खिंडीत ट्रॉली होती, मच्छिंद्र आणि तिघं. शिट्टी झाली असती तर त्यांनी ट्रॉली उचलून बाजूला घेतली असती, रोज घ्यायचे तशी. दुपारचं एक-दहा.

रूळ उपटल्यावर लोखंडाच्या ढिगातून तिने ती पाटी शोधली आणि स्वतः पुरली. दुसऱ्या दिवशी रूळ नसलेल्या खिंडीत शिट्टी झाली. आणि मागोमाग ट्रॉली उचलल्याचा आवाज.

म्हणाली, गाडी तर येतीच लेकरा. पाटी हुती म्हणून वरडत हुती. दोन वर्सं रोज वाचत हुता त्यो.

मी परवापासून मोजलं. आज धरून तीन वेळा मेला तो.

१० एप्रिल, सोमवार

गहिनीनाथ सकाळी परतला, रिकाम्या गाडीने. मी त्याच्या पाया पडलो. पाटी परत आण म्हटलं. बैल थकलेत म्हणाला, मग शेळी बघितली आणि गाडी जुंपली. बुधवारी दुपारच्या आत येतो म्हणाला.

तोवर फळीवर कोळशाने डब्ल्यू काढून खड्ड्यात रोवली. गाडीने तिला मान दिला नाही. एक-दहाला तोच आवाज. फळीचे तुकडे भरावाखाली.

बनुबाई पलीकडे आपल्या खोपीच्या दारात बसली होती. कान झाकून.

११ एप्रिल, मंगळवार

मी स्वतः खड्ड्यात उभा राहिलो. मला दोन बोटं घालून शिट्टी मारता येते, बेकरीत होतो तेव्हा अख्खा कॅम्प वळून बघायचा.

खडी थरथरायला लागली. समोर काही दिसत नव्हतं. ऊन फक्त. पण खिंडीतून माणसं बोलत येत होती, हसत. कुणीतरी कुणाला म्हणालं, चल की रं मच्छिंद्रा, भूक लागली.

बोटं तोंडात होती. ओठ कोरडे. नुसती हवा आली—

आवाज झाला.

पलीकडे बनुबाई ओरडली, ते इथवर ऐकू आलं.

भाकरी आणली नाही तिने. मीही गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

१२ एप्रिल, बुधवार

पळून जाता येईल. नेवाशाची वाट मोकळी आहे. माझं सगळं राहतं, हेही राहील— नाही. हे नाही.

बारा वाजता खड्ड्याशी येऊन बसलोय. तांब्याभर पाणी घेतलंय, ओठ भिजवतोय. हाताला काम हवं, म्हणून लिहितोय.

साडेबारा. गहिनीनाथची गाडी दिसत नाही.

एक वाजला. धूळ नाही वाटेवर.

एक-पाच. शिट्टी मारून बघितली. वाजली! बारीक, पण वाजली. एक-दहाला एवढीच वाजली तरी—

एक-सात. कुणीतरी येतंय. गाडी असेल, आला गहिनी—

नाही. वाटेने नाही. खिंडीतून.

बनुबाई. ती कधी खिंडीत पाय ठेवत नाही या वेळेला. मधोमध उभी आहे. हातात लाल लुगड्याचा तुकडा, झेंड्यासारखा धरलाय. पाठ माझ्याकडे. ती ट्रॉलीला थांबवायला आलीय, गाडी तिच्या मागून—

हाका मारल्या. वळत नाही. ती त्यांचं बोलणं ऐकतेय. मलाही ऐकू येतंय, हसणं—

खडी हलतेय. तांब्या कलंडला, पाणी सगळं—

बोटं तोंडात घालतो आणि ओठ—