क्लचवर सत्तर टक्के

४ मार्च
पुलाची कंपनं मोजायचं काम मला मिळणार. साहेबांची अट एकच, साइटवर स्वतः गाडी चालवत यायचं. लायसन्स नसेल तर काम शेजारच्या टेबलावरच्या हेडफोनवाल्याला. ड्रायव्हिंग क्लास लावला. आईनेही लावला. घरी बसून काय करू, म्हणाली.
लक्षाची वाटणी ठरवली: क्लचवर सत्तर टक्के, रस्त्यावर तीस.

६ मार्च
गाडी सारखी बंद पडली. मास्तर म्हणाले, ताई, पायाकडे बघू नका, पाय कुठे जात नाहीत. मास्तरांना तांत्रिक शिक्षण नाही.
उद्यापासून क्लच ऐंशी.

७ मार्च
रस्त्याला वीस टक्के कमी पडतात. कचरापेटी मध्येच होती.
आई गाडी चालवताना सबंध वेळ मामीच्या नव्या फरशीबद्दल बोलत होती. गिअर कधी बदलला कळलं नाही. तिलाही. हे धोक्याचं आहे, असं शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, तू आधी ती पेटी उचल, बाई.

१२ मार्च
मी चालवत असताना आईने मागून हेडफोनवाल्याचा विषय काढला. बरा मुलगा आहे, म्हणे. माझं त्याच्याकडे लक्षही नसतं, हे तिला मुद्देसूद पटवून दिलं. वाद संपला तेव्हा चौक मागे पडला होता आणि गाडी एकदाही बंद पडली नव्हती.
निष्कर्ष: पायांवर लक्ष नको, लक्षाला दुसरं काम द्यावं. शोध माझा. आईचा संबंध नाही.
परीक्षकांशी वाद घालता येणार नाही. मनात एकोणतीसचा पाढा म्हणेन.

८ एप्रिल, दुपार
पाढा उत्तम. गाडी लोण्यासारखी चालली. एकोणतीस साते दोनशे तीनच्या सुमारास परीक्षक 'थांबा' म्हणाले, असं ते नंतर म्हणाले. मी दोनशे नव्वदला थांबले. ती जागा परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर होती.
नापास. शेरा: लक्ष नाही. हे चूक आहे. लक्ष शंभर टक्के होतं.
आई पास. परीक्षकांनाही फरशी सांगितली तिने.

२० एप्रिल
काम हेडफोनवाल्याला दिलं. त्यालाही गाडी येत नाही, हे साहेबांना आत्ता कळलं. मला त्याच्या हाताखाली मोजमापाला ठेवलं. आई बाबांच्या गाडीतून दोघांना सोडते. तो पुढे, मी मागे.
आज त्याने हेडफोन काढून फरशी ऐकली, वर रंगही विचारला. मी खिडकीबाहेर बघत होते. जास्तीत जास्त दहा टक्के ऐकलं असेल.
उतरताना आई म्हणाली, सबंध रस्ता तुझा डावा पाय माझी सीट मागून दाबत होता. प्रत्येक गिअरला, अगदी वेळेवर.
मागच्या सीटवर क्लच नसतो.