फवारणीच्या वहीत नसलेली ओळ

सांगोक, १२ नोव्हेंबर

लिएनला सासूचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मला कुठे शर्यतीत धावायचंय. अक्षराला हसू नकोस. म्हाताऱ्यांच्या शाळेत दोन हिवाळे घासले तेव्हा एवढं जमतंय. मास्तरीण म्हणते, "आजी, पत्राची सुरुवात हवापाण्याने करा." तर हवा थंड आहे. झालं.

सोरा जेवते. किमची पाण्यात बुचकळून खाते, तुझंच वळण. आई कधी येणार असं विचारत नाही. विचारलं असतं तर मी ओरडले असते आणि मोकळी झाले असते. तुझा नवरा पेरिलाच्या पानांच्या हरितगृहात जातो, येतो, बोलत नाही. माझ्याच पोटचा ठोंब्या.

गटाच्या अकराही घरांच्या खोक्यांवरचा हिरवा शिक्का गेला. आता आपली पानं बाजारात कुणाच्याही पानांशेजारी पडतात. एका घराच्या पानात नको ते औषध सापडलं की सगळ्या गटाचं प्रमाणपत्र जातं, हे तूच मला समजावलं होतंस. तेव्हा मी म्हटलं होतं, "पानं खायची की त्यांची कुंडली मांडायची?"

औषध आपल्याच पानांत सापडलं, त्यानंतरची सभागृहातली ती दुपार तुला सांगायला नको. चे, आपला गटप्रमुख, म्हणाला, "परदेशातून आणलेल्या बाईच्या हाती फवारणीची वही दिली की असंच होणार. बाटलीवरची अक्षरं तिला काय कळणार!" तू म्हणालीस, "जे फवारलं ते सगळं लिहिलंय. आई, तुम्ही रोज बघता. तुम्ही सांगा ना."

मी लसूण सोलत होते. मान वर न करता म्हटलं, "मला बाई काय वाचता येतंय!"

सगळे हसले. तू नाही हसलीस. चौथ्या दिवशी तू बुसानला बहिणीकडे गेलीस.

आता ऐक. सप्टेंबरच्या शेवटी घरच्या किमचीसाठी लावलेल्या कोबीवर अळी पडली. तुझ्या सासऱ्यांची औषधाची अर्धी बाटली सोयाच्या रांजणांमागे होती, वरचा कागद कधीच गळालेला. मी तुझा पाठीवरचा पंप घेतला. त्यावर तू चिठ्ठी चिकटवली होतीस: 'फक्त पेरिलासाठी. आई, हात लावू नका.'

ती मी वाचली, लिएन. एकेक अक्षर बोटाने लावत वाचली. वाचता आली म्हणून खूश झाले. आणि हात लावला.

तू पंप तीनदा धुतेस आणि तेही वहीत लिहितेस. मी दोन ओगराळी पाणी फिरवून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तू तोच घेऊन पानांवर फवारणी केलीस. तुझं औषध बरोबर होतं. तळाशी माझं होतं.

काल सभागृहात सगळ्यांसमोर हे सांगितलं. चे म्हणाला, "काकू, सुनेला वाचवायला म्हातारपणी खोटं कशाला बोलता?"

मी म्हटलं, "वाचवायचं असतं तर तेव्हाच तोंड उघडलं असतं, मेल्या."

तो वही देईना. मी कपाटातून काढून घेतली आणि कोपऱ्यात लिहिलं: '२७ सप्टेंबर. घरचा कोबी. नवऱ्याच्या बाटलीतलं औषध, नाव माहीत नाही. पंप लिएनचा. धुतला एकदा. फवारणारी को वोल्सुन.' एवढं लिहायला अर्धा तास लागला. कुणी उठलं नाही. चेसुद्धा नाही.

एवढ्याने शिक्का परत येत नाही. पुढच्या वर्षी तपासणीवाले येतील तेव्हा बघू. कोबी सगळा उपटून खड्ड्यात पुरला. यंदा आपल्या घरी किमची नाही. शेजारीण तिच्या किमचीचा डबा घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवली.

तू ये असं म्हणणार नाही. तेवढं तोंड मला नाही. सोराला तिकडे न्यायची असेल तर तसं कळव, मी तिचे कपडे घडी घालून ठेवते. वही मात्र मी घरी आणलीय, तुझ्या फळीवर आहे. त्यात दुसऱ्या कुणाला लिहू देणार नाही.

एरवी कागदावर अंगठा उठवते. आज सही करते, म्हणजे वाचता येत नाही असं पुन्हा म्हणायला जागा नको.

को वोल्सुन