कापसाच्या शेतात उतरलेला क्लाईड

नेब्रास्का, १० ऑक्टोबर १९८३

ती. ऑर्व्हलदादास,
व्हर्नाचा शि. सा. नमस्कार.

काल फोनवर, मी धड आहे, जोडीला उडणारा क्लाईडही वाचलाय, एवढंच म्हणालास आणि ठेवून दिलास. तुमच्या हवाई प्रदर्शनात युद्धातली दोन जुनी विमानं आकाशात एकमेकांवर आदळल्याचं टीव्हीवर दाखवलं. मी घाईघाईने टीव्ही बंद केला, तर आईने मला वेड्यात काढून पुन्हा लावायला लावला. शहाऐंशी वर्षांची झाली, पण तुझं विमान तिने माझ्याआधी ओळखलं!

साठी उलटल्यावर हौसेने उडतोस, ठीक. पण काल तुझा आवाज वाचलेल्या माणसाचा नव्हता. काय लपवतोयस? लहानपणी काच फोडलीस की असाच तुटक बोलायचास. सविस्तर लिही. आमचा लोभ आहेच. तो घ्यायला तू आधी जमिनीवर राहा.

तुझी,
व्हर्ना

टेक्सास, १३ ऑक्टोबर

चि. व्हर्नास,
अनेक आशीर्वाद.

बरोबर ओळखलंस. ऐक.

रविवारी लोकांसमोरून आम्ही दोघं आपापली विमानं घेऊन चाललो होतो, क्लाईड पुढे, मी मागे. वळताना ऊन थेट डोळ्यांत आलं आणि तो दिसेनासा झाला. अशा वेळी रेडिओवर सांगून ताबडतोब बाजूला व्हायचं असतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं उडतोय, असेल इथेच कुठेतरी. आणि माझ्या विमानाच्या पंख्याने त्याच्या विमानाची शेपटी कापली.

त्याने उडी मारली आणि त्याची हवाई छत्री उघडलेली पाहिली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. इंजिन बंद करून, पोट घासत, मी कसाबसा धावपट्टीवर उतरलो. क्लाईड कापसाच्या शेतात पडला, पाय मोडला. त्याचं विमान मोकळ्या माळावर जळालं. बघ्यांपैकी कुणाला साधं खरचटलंही नाही.

पण चौकशीवाले म्हणू लागले की क्लाईडनेच अचानक वेग कमी केला असावा. त्याला काही आठवेना. तोही म्हणाला, असेल बुवा. आणि मी गप्प बसलो, व्हर्ना. दोन दिवस.

काल दवाखान्यात गेलो, तर त्याची बायको जिनीव्हा त्याला फैलावर घेत होती की तुझ्या धांदरटपणापायी ऑर्व्हल मेला असता. मला ते ऐकवेना. तिथेच सांगून टाकलं की चूक माझी, हा दिसत नव्हता तरी मी बोललो नाही.

क्लाईडने सगळं ऐकून घेतलं. मग बायकोला म्हणाला की अडतीस वर्षांत आज पहिल्यांदा तू मला विनाकारण बोललीस, आधी माझी माफी माग. आणि टांगलेल्या पायानिशी असा हसला की नर्स धावत आली. मग माझा हात धरला, तो सोडेचना.

चौकशीवाल्यांना सगळं लिहून दिलंय. परवाना मीच परत केला. आईला जपून सांग. माया कमी करू नका, एवढंच मागणं.

तुझा,
ऑर्व्हल

नेब्रास्का, १८ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

जपून सांगणार कसली! आईने पत्र माझ्या हातून ओढूनच घेतलं. चष्मा सापडेना म्हणून मला वाचायला लावलं, आणि क्लाईड हसला तेवढं पुन्हा वाचायला सांगितलं. मी आधी तुझ्यावर चिडले, मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. आता बरं वाटतंय. क्लाईडला चालता येऊ लागलं की तिघंही इकडे या, पण मोटारीने.

खालची ओळ आईने स्वतः लिहिली आहे. हात कापतो, समजून घे.

तुझी,
व्हर्ना

बाळा, तू वाचलास हे रविवारीच कळलं होतं. जिवात जीव मात्र आज आला.