तिन्ही कोनांची बेरीज

४ मार्च
दादाच्या घराच्या जागेवर तीन खुंट्या ठोकल्या, यंत्र लावलं, तिन्ही कोन मोजले. बेरीज एकशे ऐंशी अंश आणि वर एक मिनिट — म्हणजे अंशाचा साठावा भाग. एवढं व्हायचंच. कार्यालयात सगळे करतात तेच केलं: जास्तीचे तीन भाग केले, प्रत्येक कोनातून एकेक वजा. नोंदवहीत बेरीज सुतासारखी सरळ. दादा म्हणाला, "मोजणीदार घरचीच असली की बरं. फुकटात काम." बहीण म्हणजे याच्या हातचं हत्यार!

५ मार्च
पुन्हा मोजलं. चार मिनिटं जास्त. यंत्र बिघडलं असेल. वाटून टाकलं.

६ मार्च
यंत्र कार्यालयाच्या अंगणात तपासलं. ठणठणीत. जागेवर नेलं — नऊ मिनिटं.

बाबांना सांगितलं. तीस वर्षं भूमिती शिकवली त्यांनी. आता खाटेवरून उठवत नाही, पण कोन म्हटलं की कान टवकारतात. म्हणाले, "एकशे ऐंशी येतात ते सपाटावर. जास्त आले तर खालचं फुगलंय. भोपळ्यावर त्रिकोण काढून बघ."

मी म्हटलं, जमीन सपाट दिसते. पाणीसुद्धा ओतून पाहिलं, जागचं हललं नाही.

"दिसण्याचं काय घेऊन बसलीस? भूमिती म्हणजे भूमी मोजणं. ती सांगेल ते लिहायचं. चूक वाटून टाकायची नाही, कुठून आली ते विचारायचं."

कुणाला विचारू? खुंट्यांना?

८ मार्च
बावीस मिनिटं. तिथे उभं राहिलं की वाटतं, पायाखाली कुणीतरी श्वास कोंडून धरलाय. भीती वाटली. दादाला म्हटलं, आठवडाभर थांब. "पाया खणायला मजूर ठरलेत. तुझ्या मिनिटांचं रडगाणं कार्यालयात गा. सही कर."

केली. वाटून टाकलेल्या आकड्यांखाली केली. भांडायचा कंटाळा आला होता, दुसरं कारण नाही.

९ मार्च
खणायला सुरुवात. संध्याकाळपर्यंत खड्डा कमरेइतका. बेरीज अख्ख्या अंशाने जास्त. बाबांना काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, "चूक वाटून टाकलीस का?" मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

१० मार्च
दहा वाजता निरोप आला, तशीच धावत गेले. मजूर रस्त्यापलीकडे उभे, एकही आत यायला तयार नाही. मुकादम म्हणाला, "ताई, दादा खोली बघायला खड्ड्यात उतरले."

खड्डा कुठे आहे, असं विचारलं. त्याने बोट दाखवलं. तिथे सपाट जमीन होती, गवतासकट.

यंत्र लावलं. दुसरं काय येतं मला? तीनदा मोजलं. बरोबर एकशे ऐंशी. वाटायला काहीच उरलेलं नाही.